साडेतीन मुहूर्तांचा कॉम्प्युटर

व्यंकटराव जिंतूरकरांवर आयुष्यात बरेच आरोप झाले, पण उतावळेपणाचा आरोप कुणी केला नाही. चौतीस वर्षं सरकारी कचेरीत हेडक्लार्की केलेल्या माणसावर तो होतही नाही. त्यामुळं गारखेड्यातल्या त्यांच्या घरी नवा कॉम्प्युटर जोडायचं ठरलं, तेव्हा तो नेमका कुठल्या साली सुरू होईल हे विचारायची बुद्धी घरात कुणाला तरी व्हायला हवी होती. ती झाली नाही, आणि पुढचं सगळं रामायण घडलं.

कॉम्प्युटर हवा होता मनस्विनीला, म्हणजे त्यांच्या धाकट्या मुलीला. ती बिल्डर लोकांसाठी घरांची चित्रं करते. जमिनीवर अजून पायाही खणलेला नसतो, पण हिच्या चित्रात सोफ्यावर ऊन पडलेलं असतं, टेबलावर सफरचंदं असतात आणि खिडकीतून एक झाड डोकावत असतं, जे पुढं कधीच कुणी लावत नाही. तिचा लॅपटॉप कॉलेजच्या पहिल्या वर्षातला. एका बैठकीच्या खोलीचं चित्र तयार व्हायला त्याला सात तास लागत, आणि त्या सात तासांत घरात काही जोरात चाललं तर तो रुसून बंद पडतो अशी दमयंतीबाईंची पक्की समजूत होती. त्या तेवढा वेळ मिक्सर लावत नसत. कित्येक दिवस घरात चटणी पाट्यावर वाटली गेली.

दसऱ्याला आठ दिवस होते तेव्हा मनस्विनीनं विषय काढला. "बाबा, पुण्याच्या एका फर्मनं विचारलंय. पण इथं चिकलठाण्याकडं एका बिल्डरची मोठी स्कीम आहे, तो वर्षाचं काम द्यायला तयार आहे. नीट मशीन असलं तर मी इथंच बसून करीन. नसलं तर पुण्याला जावं लागेल मला."

व्यंकटरावांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. त्यांना काय वाटलं ते इथंच सांगून टाकलेलं बरं, कारण ते स्वतः कधी सांगणाऱ्यातले नाहीत. थोरला हिमांशू सहा वर्षांपूर्वी बंगळूरला गेला तो दिवाळीला चार दिवस येतो आणि त्यातले दोन झोपून काढतो. आता ही पण गेली तर घरात आपण, दमयंती आणि टीव्ही, एवढंच उरणार. पोरीला 'राहा' म्हणायचं होतं. पण असं म्हणायची त्यांच्या घराण्यात रीत नाही. त्यांच्या वडिलांनी त्यांना उभ्या जन्मात एवढंच विचारलं होतं, "जेवलास का?" आणि त्यातच सगळं आलं असं दोघांनीही मानलं होतं.

"मशीनचं मी बघतो," व्यंकटराव म्हणाले.

"मी माझ्या पैशांनी घेते ना बाबा. उद्या औरंगपुऱ्यात जाते, परवा काम सुरू."

"मी बघतो म्हटलं ना."

दुसऱ्या दिवशी ते स्कूटर काढून औरंगपुऱ्यात गेले. तिथं गल्लीच्या तोंडाशी सम्यकचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. सम्यक तिशीचा, मनस्विनीच्या ओळखीचा, आणि धंद्यात असूनही खरं बोलणारा. त्यानं दहा मिनिटांत एका कागदावर यादी करून दिली. कॅबिनेट, बोर्ड, प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स कार्ड, पॉवर सप्लाय.

"काका, सगळा माल आज दुकानात आहे. बसा, चहा घ्या, संध्याकाळी जोडून घरी पोचवतो."

गोष्ट इथं संपायला काही हरकत नव्हती. पण कुठल्याही कागदावर सही करण्याआधी एक शंका काढायची, ही व्यंकटरावांची चौतीस वर्षांची सवय. त्यांनी यादी चष्म्याजवळ नेली आणि विचारलं, "ह्याच्यानंतरचं कधी येणार?"

"ते तर येतच राहतं काका. जानेवारीत नवा प्रोसेसर यायलाय म्हणतेत."

व्यंकटरावांनी यादीची घडी केली, खिशात ठेवली आणि चहा पिऊन घरी आले.

घरी आल्यावर त्यांनी एक फाईल उघडली. खरी फाईल, लाल फितीची. निवृत्त होताना आठवण म्हणून दोन डझन आणल्या होत्या. वर लिहिलं, 'विषय : चि. मनस्विनी हिचेकरिता संगणक जोडणी'. मग त्यांनी मोबाईलवर त्या विषयातल्या जाणकारांची भाषणं ऐकायला सुरुवात केली. एक दाढीवाला दिल्लीकर त्यांना विशेष पटला. तो दर आठवड्याला, कारखान्यातून खात्रीची बातमी फुटली आहे असं सांगत असे, आणि सांगताना आवाज खाली आणत असे. आवाज खाली आणून सांगितलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवायचा, हेही कचेरीतलंच शिक्षण. नवा प्रोसेसर जानेवारीत, त्याहून नवा पुढच्या दसऱ्याला, ग्राफिक्स कार्डाची सुधारित आवृत्ती त्यानंतर. व्यंकटराव टिपणं काढत गेले. शेवटी शेरा मारला, 'प्रकरण विचाराधीन'.

प्रकरणाला खरं वळण दिलं ते तात्यासाहेबांनी. तात्यासाहेब समोरच्या बंगल्यात राहतात. ते शेती खात्यातून निवृत्त झालेत, आणि ज्या वस्तू त्यांच्याकडं नाहीत त्यांच्याबद्दल सल्ला देण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. कॉम्प्युटर त्यांच्याकडं नव्हता.

"एकदम सगळं घेण्याचा आचरटपणा करू नका," ते म्हणाले. "वर्षात साडेतीन मुहूर्त कशाला दिलेत? एकेका मुहूर्ताला एकेक भाग घ्यायचा. म्हणजे त्या त्या वेळचा जो उत्तम माल असेल तो आपला. आणि सील फोडायचं नाही कशाचंच. सगळं जमलं की एकदम पूजा, एकदम जोडणी. मी आमचा बंगला असाच बांधला."

तात्यासाहेबांचा बंगला बांधायला नऊ वर्षं लागली होती आणि त्याच्या जिन्याला अजून कठडा नाही, हे व्यंकटराव रोज गॅलरीतून बघत होते. तरी त्यांना ते पटलं. मुहूर्त आणि प्रतीक्षा ह्या दोन्ही गोष्टी एकाच योजनेत बसतात, हे पाहून त्यांचं समाधान झालं.

दसऱ्याला कॅबिनेट आलं, म्हणजे रिकामी पेटी. एका बाजूला काच, आत काही नाही. खोक्यातून न काढता ती हॉलमध्ये पाटावर ठेवली, वर झेंडूची माळ घातली, आपट्याचं पान ठेवलं. मनस्विनी म्हणाली, "छान आहे बाबा. बाकीचं?" बाकीचं पाडव्याला, असं उत्तर मिळालं. दिवाळीचा पाडवा आला, पण तो पडला अर्धा मुहूर्त. अर्ध्या मुहूर्तावर पूर्ण वस्तू घ्यावी का, ह्यावर तात्यासाहेब आणि व्यंकटराव ह्यांच्यात फराळाचं ताट संपेपर्यंत चर्चा झाली. तोडगा असा निघाला की माऊस घ्यावा आणि कीबोर्ड पुढच्या मुहूर्तावर ठेवावा.

जानेवारीत नवा प्रोसेसर खरोखर आला. व्यंकटरावांनी तो घेतला नाही, कारण दाढीवाल्यानं सांगितलं की हा नुसता पायलट आहे, खरी गाडी मागून येतेय. गुढीपाडव्याला बोर्ड मात्र घेतला. त्यावर सवलत होती. सम्यकनं तेव्हाही बजावलं, "काका, हा बोर्ड आजच्या प्रोसेसरचा. सोबतच घेऊन टाका. पुढं येईल तो ह्याला बसंल का नाही, आत्ता कोण सांगणार?"

"बसणार आहे," व्यंकटराव म्हणाले आणि फाईलमधलं पान काढून दाखवलं. दाढीवाल्याचं विधान, तारीख, वेळ, सगळं होतं. सम्यक पानाकडं बघत राहिला. मग म्हणाला, "हौ काका," आणि बिल केलं.

अक्षय्य तृतीयेला पॉवर सप्लाय आला. त्याच्या खोक्यावर साडेआठशे वॅट असा ठळक आकडा होता. तो वाचून तात्यासाहेब गंभीर झाले. घराचा मंजूर भार किती, वायरिंग कधीचं, उद्या काही झालं तर जबाबदार कोण, असे प्रश्न त्यांनी विचारले आणि ते जेवायला निघून गेले. व्यंकटरावांची झोप उडाली. सोमवारी ते भार वाढवून मागायला वीज कार्यालयात हजर झाले.

खिडकीमागच्या बाबूनं अर्ज वाचला. "प्रयोजन : संगणक? कॉम्प्युटरला कोण भार वाढवून मागतं?" मग त्यानं मीटर कुणाच्या नावावर आहे ते बघितलं. मीटर व्यंकटरावांच्या वडिलांच्या नावावर होतं.

"त्यांना घेऊन या, सही लागेल."

"ते वारले. अकरा वर्षं झाली."

"मग तसा दाखला, वारसांची संमती आणि घरपट्टीची पावती. तीन प्रतींत."

व्यंकटराव खिडकीजवळ उभे राहिले. चौतीस वर्षं हेच वाक्य त्यांनी खिडकीच्या आतल्या बाजूनं म्हटलं होतं, ह्याच आवाजात, समोरच्याकडं न बघता. ते बाहेरून ऐकायला कसं लागतं हे त्यांना आज कळलं. त्यांना फार अपमान वाटला, आणि तक्रार कुणाकडं करावी ते सुचेना.

तीन हेलपाटे झाले. मग दोन माणसं तपासणीला घरी आली. पिठाची गिरणी कुठं टाकताय, असं विचारत त्यांनी स्वयंपाकघरापर्यंत पाहणी केली. माळ घातलेलं खोकं बघून एकानं चपला काढल्या. दुसऱ्यानं कागदावर 'व्यावसायिक वापर' असं लिहिलं, आणि तो शब्द खोडून घेण्यात पावसाळा गेला. शेवटी दमयंतीबाई म्हणाल्या, "अहो, आपला मिक्सर साडेसातशेचा आहे. त्याला कुठं अर्ज केला होता?" व्यंकटरावांनी फाईलमध्ये तशी नोंद केली.

इकडं मनस्विनी त्या लॅपटॉपवर बिल्डरचं काम रेटत होती. एका खोलीला सात तास, आणि स्कीममध्ये खोल्या किती ते बिल्डरला ठाऊक होतं. जुलैत त्यानं निम्मं काम दुसऱ्याला दिलं. ती जेवताना एवढंच म्हणाली, "बाबा, साधंसुद्धा चालेल हो मला. जे मिळतंय ते."

"साधं कशाला? माझ्या मुलीला साधं कशाला?" व्यंकटराव म्हणाले. त्यांचा आवाज कापला. तिला वाटलं, बाबा चिडले. तिनं पुन्हा विषय काढला नाही.

त्यांच्या खालच्या मजल्यावर रामहरी भाड्यानं राहतो. तो सिल्लोडकडचा, चिकलठाण्याच्या कारखान्यात फिटर, आणि गावाकडं त्याच्या भावाची अजून मेंढरं आहेत. एका रविवारी पाण्याची मोटार दुरुस्त करायला तो वर आला आणि हॉलमधली खोक्यांची रांग बघून थबकला.

"काका, हे काय दुकान टाकताव का?"

व्यंकटरावांनी त्याला योजना समजावून सांगितली. पुढच्या प्रोसेसरचा वेग, त्याच्या पुढच्याचा वेग, सगळं. रामहरीनं पाना हातात धरून शेवटपर्यंत ऐकलं.

"म्हंजी पुढल्या साली कोकरू लई भारी व्हईल म्हणून औंदा मेंढीच घ्यायची नाय, असंच की हे," तो म्हणाला. "आमच्या आज्यानं असं केलं असतं तर आमी दूध कशाचं पिलो असतो?"

व्यंकटराव हसले. अडाणी माणसाच्या बोलण्याला हसतात तसं हसले. पण त्या दिवशी त्यांना दुपारची झोप लागली नाही.

दसरा उजाडला. नवा प्रोसेसर आला होता, अगदी दाढीवाल्यानं सांगितलेल्या आठवड्यात. व्यंकटरावांनी इस्त्रीचा सदरा घातला आणि सगळी खोकी रिक्षात घालून औरंगपुरा गाठला. सोबत तात्यासाहेब, मांडीवर नारळ घेऊन. सम्यकनं बोर्डाचं सील फोडलं, प्रोसेसरची डबी उघडली, आणि जिथं तो बसवायचा असतो त्या चौकोनावर धरला. मग काढला. फिरवून धरला. मग परत डबीत ठेवला.

"बसत नाही काका. ह्याची बैठकच वेगळी केली त्यांनी."

"जरा दाबून बघ," तात्यासाहेब म्हणाले.

"दाबून बसायला ही काय सूटकेस आहे का?"

बोर्ड घेऊन सहा महिने झालेले, त्यामुळं तो परत घेता येत नव्हता. हा बोर्ड कुणाच्या तरी गळ्यात बांधतो आणि नव्या बैठकीचा मागवून देतो, असं सम्यक म्हणाला. पण नवे बोर्ड अजून इकडं पोचले नव्हते. व्यंकटरावांनी मोबाईल काढून दाढीवाल्याचं ताजं भाषण लावलं. तो आवाज खाली आणून सांगत होता की आपण हे आधीपासूनच म्हणत होतो. व्यंकटराव ते दुकानाच्या पायरीवर बसून शेवटपर्यंत ऐकत राहिले. नारळ न फोडता घरी आला आणि त्याची बर्फी झाली.

दिवाळीच्या पाडव्याला रॅम घ्यायची होती. दोन पट्ट्यांची जोडी. पण मुहूर्त अर्धा, म्हणून एकच पट्टी घेतली. दुसरी गुढीपाडव्याला. सम्यकनं हात जोडले. "काका, रॅम वर चाललीय. ते एआयवाले सगळी रॅम उचलायलेत. दोन्ही घेऊन टाका, मुहूर्त माझ्याकडून." व्यंकटरावांनी त्याला समजावलं की ह्या क्षेत्रात वस्तूंचे भाव नेहमी उतरतात, वर्षभराच्या अभ्यासातून निघालेला हा एकमेव निर्विवाद निष्कर्ष आहे. डिसेंबरात भाव तिप्पट झाले. फाईल इथपर्यंत साठ पानांची झाली होती आणि तिच्यात भाव चढतील असं एकही वाक्य नव्हतं. व्यंकटरावांनी ती पहिल्या पानापासून दोनदा तपासली.

बिल्डरनं उरलेलं कामही काढून घेतलं. त्याचा काही दोष नव्हता, त्याला फ्लॅट विकायचे होते. मनस्विनीनं पुण्याला कळवून टाकलं. जागा अजून रिकामी होती.

ती निघाली त्या सकाळी व्यंकटराव बॅग उचलायला खाली आले. रामहरीनं बॅग रिक्षात ठेवली, दमयंतीबाईंनी दशम्यांचा डबा दिला, डोळे पुसले, पाठीवरून हात फिरवला. व्यंकटराव बाजूला उभे होते.

"मार्चपर्यंत भाव उतरतील," ते म्हणाले. "मग बघू आपण."

"हो बाबा," मनस्विनी म्हणाली, आणि रिक्षा वळली.

ती गेल्यावर तिची खोली चार दिवस बंद होती. पाचव्या दिवशी सम्यक स्वतःच घरी आला. कुठलाही सण नव्हता, साधा मंगळवार होता. त्यानं नव्या बैठकीचा बोर्ड आणला होता, कुठूनसा कीबोर्ड, डिस्क आणि माईक-स्पीकरही. खोक्यांवरची वाळलेली झेंडूची फुलं त्यानं झटकली आणि तासाभरात एक पट्टी रॅमवर, ग्राफिक्स कार्डाशिवाय, ते यंत्र मनस्विनीच्या खोलीत उभं केलं. ती जाताना तिचा मोठा मॉनिटर ठेवून गेली होती, तो जोडला. बटण दाबल्याबरोबर यंत्र सुरू झालं. ज्या चित्रांसाठी ते घेतलं होतं ती मात्र त्यावर होणार नव्हती, त्यासाठी कार्ड लागतं, आणि कार्डाची सुधारित आवृत्ती अजून यायची होती. तात्यासाहेब दुपारी येऊन त्यावर पत्त्यांचा डाव लावू लागले. वेग चांगला आहे, असं त्यांचं मत पडलं.

रविवारी दमयंतीबाई म्हणाल्या, "त्याच्यावरून पोरीला फोन तरी लावा." सम्यकनं लिहून दिलेल्या कागदावरून एकेक पायरी वाचत व्यंकटरावांनी व्हिडिओ कॉल लावला. पडदाभर मनस्विनी आली. इतकी स्वच्छ, इतकी जवळ की व्यंकटराव खुर्चीत मागं सरकले. ती वाळली होती. मागच्या भिंतीवर काही नव्हतं.

"बाबा, तुम्ही दिसत नाही."

"दिसत नाही म्हणजे? तू तर दिसतेस."

"कॅमेरा कुठाय तुमचा?"

व्यंकटरावांनी मॉनिटरच्या वर बघितलं, खाली बघितलं. साठ पानांत कॅमेरा कुठंच नव्हता. ती हसली. आवाज येतोय, चालेल, म्हणाली.

"ऑफिसात मशीन कसं दिलंय?" त्यांनी विचारलं.

"आहे जुनंच. तीन-चार वर्षांचं असेल."

"प्रोसेसर कुठला?"

"बघितलं नाही हो मी. काम होतं त्याच्यावर."

व्यंकटरावांनी सम्यकच्या कागदाची घडी केली. तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. लहानपणी प्रगतिपुस्तक पुढं करायच्या आधी ती असंच करायची.

"बाबा, एक विचारू? मी जाऊ नये असं वाटत होतं का तुम्हाला?"

व्यंकटरावांनी होय म्हणून मान हलवली. एकदा हलवली, मग पुन्हा हलवली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी ते पुसायचं सोडून मान हलवतच राहिले. पडद्यावर मनस्विनी वाट बघत होती.

"बाबा? आहात ना? आवाज गेला का?"

दमयंतीबाई पदराला हात पुसत पुढं आल्या आणि त्यांच्या खांद्यावरून वाकल्या.

"मान हलवतायत गं ते," त्या म्हणाल्या. "केव्हाची हलवतायत."